तोंडातली रिंग

माझ्या बहिणीला क्लबात सगळे ‘मुकी’ म्हणतात. समोर ‘बाई’ म्हणतात, कारण तोंडावर मुकी म्हणायची कुणाची छाती नाही. मी तिचा सख्खा धाकटा भाऊ, सतरा वर्षं त्याच क्लबात जीप चालवतोय, आणि तो शब्द कानावर पडला की अजूनही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. मुकी कसली? घरी आली की दारापासून जी सुरू होते ती भांडी घासून होईपर्यंत थांबत नाही. पण होडीपाशी ती बोलत नाही. का बोलत नाही, हे एकतीस वर्षांत एकाही शहाण्याने तिला विचारलं नाही, आणि विचारायला हवं होतं तेव्हा सगळे घड्याळाकडे बघत होते. मीसुद्धा.

आमचा क्लब तलावाच्या काठी आहे. तिथे सहा कॅट आहेत. कॅट म्हणजे दोन पोटांची शिडाची होडी. दोन लांब निमुळती पोटं, त्यांना जोडणारे दोन आडवे दांडे, दांड्यांच्या मध्ये ताणून बसवलेलं जाळीदार कापड, आणि पुढच्या दांड्यावर उभी राहणारी आठ मीटरची काठी. खेळणारे त्या कापडावरच बसतात. काठी उभी राहते ती तीन तारांच्या जोरावर, दोन बाजूंना आणि एक पुढे. प्रत्येक तार खाली एका पिनेने अडकवलेली असते, आणि पिन सुटू नये म्हणून तिच्या टोकाच्या भोकात एक रिंग असते. किल्ल्यांच्या जुडग्याला असते तशीच, पण करंगळीच्या नखाएवढी. एवढ्या मोठ्या डोलाऱ्याचा जीव तेवढ्याशा रिंगेत असतो.

होड्या आवारात ट्रेलरवर असतात, काठ्या आडव्या करून. आवार आणि पाणी यांच्यामध्ये चारशे पावलांचा रस्ता आहे आणि त्या रस्त्यावरून विजेच्या तारा गेल्या आहेत. म्हणून काठी उभी करायची ती पाण्याशी पोचल्यावर, आणि परत आवारात न्यायच्या आधी उतरवायची. ओढायचं काम माझं, बाकी सगळं ताईचं.

ताईचं काम बघत राहावं असं होतं. ती कधी धावायची नाही, पण एका वस्तूसाठी दोनदा गेली असंही मी कधी पाहिलं नाही. जे सगळ्यात शेवटी लागणार ते ती ट्रेलरच्या पेटीत सगळ्यात आधी टाकायची, म्हणजे झाकण उघडलं की हाताला येईल ते पहिलं लागणारंच. तारा काठीला तीन ठिकाणी चिंध्यांनी बांधलेल्या, त्यामुळे गुंता नाही. होडी ट्रेलरवर आवळायच्या पट्ट्याला एक पीळ द्यायची, कारण सपाट पट्टा वाऱ्यात भणभणतो आणि सैल होतो. मग ट्रेलरचं नाक एका हाताने उचलून बघायची. हलकं लागलं तर होडी वीतभर पुढे सरकवायची, नाहीतर रस्त्यावर ट्रेलर शेपूट हलवायला लागतो. हे वजन ती नुसत्या हाताने सांगायची. मी एकदा वजनकाटा आणून खात्री करायला गेलो, तर चार दिवस माझ्याशी बोलली नाही. घरीसुद्धा.

आता पिना. बाजूच्या दोन तारा काठी आडवी असतानाच लावायच्या. मग मी पुढून दोर जीपच्या विंचला, म्हणजे दोर गुंडाळणाऱ्या चाकाला, अडकवून काठी उभी ओढायची, आणि ताईने होडीवरून खाली उतरून पुढच्या तारेची पिन सारायची. पिन सारताना दोन्ही हात गुंतलेले असतात, एक तारेला आणि एक पिनेला. मग रिंग धरायची कुठे? ताई ती ओठांत धरायची. पिन बसली की ओठांतली रिंग काढून भोकात फिरवायची आणि मगच तोंड उघडायची. त्या वेळात कुणी हाक मारली तर ओ नाही. कुणी खांद्याला हात लावून तिला बोलायला लावलंच, तर लावलेल्या सगळ्या पिना काढून पहिल्यापासून सुरुवात. लोक हसायचे. ‘मुकी रुसली, चला, आणखी एकेक चहा घेऊ’ म्हणायचे. हसा लेको. एकतीस वर्षांत तिच्या हातची एकही काठी पडली नव्हती.

दोन वर्षांपूर्वी नवे सेक्रेटरी आले. हे पूर्वी कुठल्याशा कारखान्यात माणसांच्या कामाची मिनिटं मोजायचे. निवृत्त झाले, पण घड्याळ काही सुटलं नाही. गळ्यात शिट्टी, हातात स्टॉपवॉच आणि चेहऱ्यावर असा भाव, की हे यायच्या आधी आम्ही होड्या उलट्या करून पाण्यात सोडत होतो. पहिल्याच आठवड्यात त्यांनी फर्मान काढलं, काठ्या आवारातच उभ्या करून न्यायच्या, वेळ वाचतो.  ताई त्यांना रस्त्यावर घेऊन गेली आणि बोट वर केलं. साहेबांनी विजेच्या तारांकडे पाहिलं, मग आमच्याकडे पाहिलं. आम्ही चार-पाच जण हसलो. हसायला नको होतं. त्या दिवसापासून तिच्याबद्दल त्यांच्या मनात अढी बसली.

मग आला तक्ता. होडी उतरवण्यापासून पाण्यात सोडण्यापर्यंत चौदा मिनिटं, प्रत्येक पायरीपुढे सेकंद लिहिलेले. ताईला बावीस लागायची. दुसऱ्या क्लबात चार माणसं मिळून चाळीस मिनिटं लावतात, पण ते कुणाला सांगणार? साहेब रोज तिच्या पाठीशी उभे राहून मिनिटं पुकारायचे. ‘सहा! नऊ! बाई, अकरा झाली!’ ताईच्या कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या, मला जीपच्या आरशातून दिसायचं. मी संध्याकाळी म्हणायचो, एकदा झाप ना त्यांना. ती म्हणायची, ‘माझ्या तोंडात रिंग असते.’

त्या रविवारी सराव होता. स्पर्धा पुढच्या आठवड्यावर आलेली, सहाही होड्या नऊच्या आत पाण्यात हव्या होत्या आणि वारा सकाळपासूनच उठला होता. चौथी होडी. दोर विंचला अडकवला, काठी उभी केली आणि मी जीपमध्ये जाऊन बसलो. मला पाचवी आणायला परत जायचं होतं. साहेब पुकारत होते, ‘दहा!’ आणि मी, तिचा भाऊ, सतरा वर्षं तिच्या शेजारी काम केलेला माणूस, खिडकीतून डोकं काढून ओरडलो, ‘ताई, दोर सोडू का?’

ती म्हणाली, ‘थांब!’

एवढंच. मी थांबलो. तिने क्षणभर खाली बघितलं. साहेब म्हणाले, ‘अकरा! बाई, पुन्हा पहिल्यापासूनचं नाटक आज चालणार नाही.’ ताई उभी राहिली, विंचचा दोर सोडला आणि मागे सुकाणं लावायला गेली. पुढचं शीड त्याच पिनेपाशी अडकवायचं असतं, ते एरवी तीच लावते, पण त्या दिवशी साहेबांनी खेळणाऱ्यांनाच लावायला सांगितलं, वेळ वाचावा म्हणून. त्यामुळे ताई त्या पिनेपाशी परत आलीच नाही. होडी पाण्यात गेली. चौदा मिनिटं वीस सेकंद. साहेबांनी टाळ्या वाजवल्या.

त्या होडीवर सुकाणूला एक कॉलेजातली मुलगी होती, क्लबात दुसरंच वर्ष असलेली. वल्ह्यासारखी सडपातळ, पण वाऱ्यात अजिबात न घाबरणारी. अर्ध्या तासाने ती वाऱ्याच्या तोंडाला वळली तेव्हा पिन हलत हलत निसटली. पुढची तार सुटली. पुढचं शीडही त्याच कडीला धरलेलं, तेही सुटलं आणि आठ मीटरची काठी मागे आली. मुलीने मान वळवली म्हणून डोकं वाचलं. खांदा आणि गळ्याचं हाड गेलं. तिला काठावर आणलं तेव्हा ती रडत नव्हती, पुन्हा पुन्हा एकच विचारत होती, ‘मी काय केलं? मी काय केलं?’ साहेबांनी तिच्या दुसऱ्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, ‘शिडाचा दोर जास्त ओढलास, बाळ. होतं असं नवीन असताना.’

त्या माणसाचा हात मी तिथेच पिरगाळायला हवा होता. पण तेव्हा मलाच काही माहीत नव्हतं. दुपारी सगळे गेल्यावर मी उताराच्या फरशीवर वाकून बघत फिरलो, आणि फरशीच्या फटीत मला ती रिंग सापडली. चौथी होडी उभी होती तिथेच. मी ती उचलून तळहातावर घेतली. ‘थांब’ म्हणायला तिने तोंड उघडलं, आणि तोंड उघडायला तिला मी लावलं होतं.

घरी मी रिंग तिच्यापुढे ठेवली. ताई भाजी चिरत होती. तिने रिंगेकडे बघितलं आणि चिरत राहिली.

‘चौकशी होणार आहे,’ मी म्हणालो. ‘त्यांना सांग, ह्याने हाक मारली म्हणून.’

‘मारलीस ना. मग?’

‘मग काय मग? एकतीस वर्षांची नोकरी जाईल तुझी! मला वाचवायला जाऊ नकोस. मी काही कुकुलं बाळ नाही. सेहेचाळीस वर्षांचा घोडा झालोय.’

‘घोडाच आहेस,’ ती म्हणाली. ‘सरक, ताट घ्यायचंय मला.’

आठ दिवस हे असंच चाललं. मी ओरडायचो आणि ती कामं करायची. माझा राग तिच्यावर होता, खोटं कशाला सांगू. घरातल्या थोरल्यांना धाकट्यांसाठी स्वतःला जाळून घ्यायची जी खोड असते ना, ती मला लहानपणापासून नको होती. माझ्या वाटचे धपाटे हिनेच खाल्ले, माझ्या नापासाच्या प्रगतिपुस्तकावर हिनेच सही ठोकली. आता नोकरीपण? कुणी मागितली होती?

चौकशी क्लबाच्या वरच्या खोलीत झाली. लांब टेबल, एका टोकाला अध्यक्ष, शेजारी सेक्रेटरी, आणखी तीन सभासद. टेबलावर ती तुटकी सामग्री मांडलेली. पुढच्या तारेचं टोक, रिकामं भोक. ताई भिंतीपाशी उभी, मी दाराशी. सेक्रेटरींनी अहवाल वाचला. नवख्या खेळाडूने मुख्य शिडाचा दोर प्रमाणाबाहेर ओढल्याने पिनेवर ताण येऊन ती निखळली, क्लबाच्या व्यवस्थेत दोष नाही. किती सफाईने लिहिलं होतं! पिन काय दात उपटावा तशी निखळते का? पण टेबलाशी बसलेल्यांपैकी एकानेही आयुष्यात पिन लावलेली नव्हती.

अध्यक्ष चांगला माणूस आहे. म्हणजे कुणाशी वाकडं घ्यायचं नाही असा चांगला. ते म्हणाले, ‘बाई, तुम्ही जुन्या. पिन तर तुम्ही नीट लावलीच असणार, हो ना?’

सगळे तिच्याकडे बघायला लागले. तिने फक्त मान हलवायची होती. नोकरी शाबूत, क्लब शाबूत, साहेबांचा तक्ता शाबूत. खापर फुटणार होतं ते खोलीत नसलेल्या एका एकोणीस वर्षांच्या पोरीच्या डोक्यावर. मला राहवेना. मी पुढे झालो आणि रिंग टेबलावर आपटली.

‘ही तिच्या तोंडात होती,’ मी म्हणालो. ‘मी मध्येच हाक मारली, ती बोलली आणि ही पडली. आणि हे साहेब मागे उभे राहून कोंबडा आरवावा तशी मिनिटं आरवत होते! लिहा हे.’

साहेबांचा चेहरा क्षणभर उतरला आणि लगेच खुलला. त्यांना आयतंच सापडलं. ‘म्हणजे ड्रायव्हरचा बेशिस्तपणा,’ ते म्हणाले आणि अहवाल पुढे ओढून लिहायलाही लागले. ‘काम चालू असताना विनाकारण आरडाओरडा. बाई, तुम्ही फक्त दुजोरा द्या. तुमचा काहीच दोष नाही.’ बाकीचे तिघे खुर्चीत सैल झाले. अध्यक्षांनी पाण्याचा ग्लास उचलला. मला वाटलं, जाऊ दे, गेली माझी नोकरी तर गेली, मी सुटलो.

‘थांबा साहेब,’ ताई म्हणाली. त्या खोलीत तिचा आवाज बहुतेकांनी पहिल्यांदाच ऐकला असेल. ‘लिहायचंय तर नीट लिहा. रिंग पडली ते मला कळलं होतं.’

सेक्रेटरींचा पेन थांबला.

‘पडताना दिसली मला. माझ्या खिशात दुसऱ्या सहा होत्या. तुम्ही अकरा म्हणालात. मी म्हटलं, पुढचं शीड लावायला यायचंच आहे, तेव्हा घालू. आणि मग आलेच नाही. घड्याळ तुमचं होतं, हाक ह्या गाढवाची होती, पण पिन माझ्या हातात होती. पोरीने काही केलेलं नाही. दोर तिने ओढायचा तेवढाच ओढला होता, तेही लिहा.’

‘ताई!’ मी ओरडलो.

‘तू गप रे,’ ती म्हणाली. ‘आठ दिवस कानाशी कटकट करतोयस. तुला कुणी वाचवत नाहीये. तू काही केलेलंच नाहीस, तर वाचवू कशातून?’

 आठ दिवस मी त्यागाच्या गोष्टी रचत होतो, आणि तिच्या हिशेबात मी कुठे नव्हतोच.

त्यांनी तिला उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. सेक्रेटरींबद्दल एक अक्षर नाही. तक्ता भिंतीवरून निघाला नाही, त्यावर फक्त एक ओळ वाढली, ‘रिंग तपासणे, पाच सेकंद.’ पाच सेकंद! मी ते वाचून भिंतीवर थुंकणार होतो. ताईने माझ्या दंडाला धरून मला जिन्याने खाली आणलं आणि म्हणाली, ‘जीप काढ.’

‘जीप क्लबाची आहे.’

‘मग क्लबाच्या कामालाच जायचंय. त्या पोरीच्या घरी.’

मुलगी एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहायची. दार तिच्या आईने उघडलं. ताईने आपण कोण ते सांगितल्यावर तिने आत घेतलं, पण बसा म्हणाली नाही. मुलगी खिडकीपाशी खुर्चीत होती, डावा हात छातीला बांधलेला, केस दुसऱ्या कुणीतरी विंचरल्यासारखे. आम्हाला बघून तिने उठायचा प्रयत्न केला.

‘सॉरी,’ तीच म्हणाली. ‘तुमची होडी मोडली माझ्यामुळे. मी आता येणार नाहीये क्लबात. मला जमत नाही ते. आईपण नकोच म्हणते.’

‘दोर किती ओढला होतास?’ ताईने विचारलं.

मुलगी गोंधळली. ‘शिडाचा? म्हणजे… घट्ट. शिडाच्या तळाचा दांडा सुकाणूच्या वर येईपर्यंत.’

‘त्या वाऱ्यात तेवढाच ओढायचा असतो.’

‘मग काठी का पडली?’

‘मी पुढच्या पिनेला रिंग घातली नव्हती.’

मुलीची आई दाराशी उभी होती, ती पुढे आली. मुलगी ताईकडे बघत राहिली. ‘विसरलात?’ तिने विचारलं. अगदी हळू, जणू हो म्हणावं अशी आशा होती.

तेवढं तरी हो म्हणावं, असं मला आतून वाटत होतं. विसरलं म्हटलं तर माणूस माफ करतो. एक शब्द तर होता.

‘नाही,’ ताई म्हणाली. ‘माहीत होतं मला. नंतर घालू म्हटलं.’

मग मुलीचा चेहरा बदलला. आणि ती जी ओरडली, ती वरच्या मजल्यापर्यंत ऐकू गेली असेल. ‘आठ दिवस! आठ दिवस मी झोपले नाहीये! रोज हाताने तो दोर ओढून बघतेय, कुठे चुकलं म्हणून! आणि तुम्हाला माहीत होतं? मी मेले असते! तुम्ही… तुम्हाला कुणी ठेवलं तिथे? जा तुम्ही! आई, सांग ह्यांना जायला!’ मोकळ्या हाताने तिने शेजारचं पुस्तक फेकलं. ते ताईच्या पायावर पडलं. ताई हलली नाही. मुलीचा श्वास संपेपर्यंत ती तिथेच उभी राहिली आणि मग खाली वाकून पुस्तक टेबलावर ठेवलं. आईने आमच्यामागे दार लावलं ते धाडकन.

जिन्यात माझा तोल गेला. ‘झालं समाधान?’ मी म्हणालो. ‘नोकरी घालवलीस, इथे येऊन अपमान करून घेतलास. विसरले म्हणाली असतीस तर काय बिघडलं असतं? बघितलंस ना कशी चिडली ती तुझ्यावर?’

ताई कठड्याला धरून एकेक पायरी उतरत होती.  तिला कठडा लागलेला मी त्याआधी कधी पाहिला नव्हता.

‘माझ्यावरच चिडली ना?’ तिने विचारलं.

‘चिडली म्हणजे काय! पुन्हा तोंड बघणार नाही तुझं.’

‘मग झालं,’ ताई म्हणाली. ‘आता जाईल ती पाण्यावर.’